पुरात नळपाणी योजना का बंद पडते? जॅकवेल, पॅनेल, जनरेटर यांच्या उंचीबद्दल

ओव्हरसीयर

चहूबाजूंनी पाणी आणि नळाला थेंब नाही, ही अवस्था कोल्हापूरने ऑगस्ट २०१९ मध्ये पाहिली आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाहिली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. शिंगणापूर, बालिंगा ही उपसा केंद्रं पाण्यात गेली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट, आणि २०१९ चा पूर ५७ फुटांच्या वर.

धागा काढण्याचं कारण असं, की बहुतेक नगरपालिकांचे आपत्ती आराखडे म्हणजे फोन नंबर, बोटी आणि निवारा केंद्रांच्या याद्या असतात. उपसा केंद्रातली कुठली वस्तू कुठल्या पातळीला बुडते, हे त्यात नसतं. माझं म्हणणं एवढंच: नदीपासून टाकीपर्यंतच्या प्रत्येक वस्तूची तळपातळी एका कागदावर मांडा आणि खालून वर क्रम लावा. मोटर, स्टार्टर, ट्रान्सफॉर्मरचा एलटी (कमी दाबाच्या विजेचा) बॉक्स, बॅटरी, केबलचा चर, जनरेटरची डिझेल टाकी, केंद्राकडे जाणारा रस्ता, सगळं त्यात आलं पाहिजे. यादीत जे सगळ्यात खाली येईल, तीच त्या योजनेची खरी पूरपातळी. मोटर कितीही उंचावर असली तरी.

चर्चेसाठी मध्यम आकाराची योजना धरू. वस्ती ५० हजार, तीन व्हर्टिकल टर्बाइन पंप (मोटर वर मजल्यावर, पंप खाली पाण्यात, मध्ये लांब शाफ्ट; दोन चालू, एक राखीव), प्रत्येकी १०० एचपी, ४१५ व्होल्ट. जाणकारांनी भर घालावी.

---

हिशेबी

पातळीपासूनच सुरुवात करतो, कारण पहिली चूक तिथेच होते.

फुटातली पातळी ही नदीतल्या त्या एका मोजपट्टीपुरती असते. राजाराम बंधाऱ्यावर ५० फूट म्हणजे वरच्या अंगाच्या जॅकवेलवर (नदीकाठची विहीर, जिच्यातून पंप पाणी उचलतात) किती, हे सांगायला पट्टीच्या शून्याचा आरएल (समुद्रसपाटीपासूनची उंची) लागतो आणि पुरातल्या पाण्याचा उतार लागतो. उतार ५००० ला १ धरला आणि जॅकवेल पट्टीपासून ८ किलोमीटर वर असेल, तर तिथलं पाणी १.६ मीटर उंच असणार. सपाट रेषा ओढून जोत्याची पातळी ठरवली, तर तेवढ्याच फरकाने फसगत होते. जॅकवेलच्या भिंतीवर स्वतःची पट्टी रंगवा, आरएलसकट. दोन पावसाळे दोन्ही पट्ट्यांची नोंद शेजारीशेजारी ठेवली की स्थानिक संबंध हातात येतो.

दुसरी गोष्ट पूररेषेची. आपल्याकडे निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'निळ्या रेषेच्या वर आहे' असं कोणी म्हणालं की लोक निर्धास्त होतात. योजनेचं आयुष्य ३० वर्षं धरून हिशेब करा. निळ्या रेषेचा पूर त्या काळात निदान एकदा येण्याची शक्यता ७१ टक्के आहे (१ वजा ०.९६ चा तिसावा घात). लाल रेषेचा २६ टक्के. चारातल्या एका शक्यतेला दुर्मीळ म्हणायची माझी तयारी नाही.

म्हणून विजेच्या सगळ्या वस्तूंसाठी लाल रेषा किंवा आजवरची सर्वोच्च नोंद, यातली जी जास्त ती, अधिक एक मीटर.

---

वाशिष्ठी

हिशेबी, सहमत. पण खाडीजवळच्या गावांत एवढ्याने भागत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये जो पूर आला त्यात पाऊस, धरणाचा विसर्ग आणि भरती असे तिन्ही घटक चर्चेत होते. भरतीला नदीचं तोंड तुंबतं, मग नदीचा नेहमीचा उतार धरून केलेला हिशेब कामाचा राहत नाही. तिथे भरतीचं वेळापत्रक आराखड्यातच लावावं लागतं आणि निर्णय पुढच्या भरतीच्या वेळेला बांधावा लागतो.

---

पाणीदार

इतकी डोकेफोड कशाला? पंपघराभोवती दोन मीटरची भिंत बांधून टाकली तर?

---

हिशेबी

भिंतीवरचा पाण्याचा एकूण रेटा खोलीच्या वर्गाने वाढतो. एक मीटर पाणी असेल तर भिंतीच्या दर धावत्या मीटरवर सुमारे ५०० किलो रेटा येतो, दोन मीटरला तो २००० किलो होतो. साधी नऊ इंची वीटभिंत साधारण तीन फुटांपलीकडे भरवशाची नाही. आरसीसी भिंत चालेल, पण पायथ्याला पाया रुंद हवा आणि खालून येणारं उचल-पाणी अडवायला कटऑफ (जमिनीत खोल गेलेली आडभिंत) हवा.

पाणी मात्र भिंतीवरून येतच नाही, ते केबलच्या चरातून येतं. बाहेरचा ट्रान्सफॉर्मर आणि आतलं पॅनेल यांना जोडणारा चर म्हणजे पाण्याला आयताच पाट. दुसरी वाट सांडपाण्याच्या नळाची, उलटा प्रवाह अडवणारा झडप-व्हॉल्व्ह नसेल तर. भिंतीत केबल शिरते तिथे स्लीव्ह टाकून रबराचे दाबणारे सील किंवा दोन्ही तोंडांनी भरलेलं वॉटरप्रूफ कंपाउंड लावा. नुसतं सिमेंट भरू नका; केबल गरम-थंड होऊन आकसते-पसरते आणि सिमेंट सुटतं. आणि भिंत बांधलीच तर आत झिरपलेलं पाणी उपसायला स्वतंत्र डिझेल पंप, कारण तेव्हा वीज नसणारच.

---

मेगर५००

मोटर उंचावणं हाच खरा उपाय, पण तो वाटतो तितका सोपा नाही. दोन पद्धती आहेत.

पहिली: पंपाचा मजलाच वर घ्यायचा. दोन मीटर वर गेलात की कॉलम पाइप, लाइन शाफ्ट, कपलिंग, स्पायडर बेअरिंग सगळं तेवढ्याने वाढतं. शाफ्टचं जास्तीचं वजन थ्रस्ट बेअरिंगला पेलतं का, हे पंप बनवणाऱ्याकडून लेखी घ्या. डिलिव्हरी वर जाऊन पुन्हा खाली रायझिंग मेनला (टाकीकडे जाणाऱ्या मुख्य नळाला) उतरत असेल तर मध्ये उंचवटा तयार होतो. तिथे हवा अडकते, म्हणून तिथे एअर व्हॉल्व्ह लागतोच. तो विसरला की चालू करताना दणके बसतात आणि पंप कमी पाणी देतो, मग सगळे इम्पेलरला दोष देत बसतात. शिवाय मजला वर गेला की छताखालच्या गॅन्ट्रीची (मोटर उचलायच्या तुळईची) उंची कमी पडते. मोटर हुकला लावून शाफ्टच्या वर काढायला जागाच उरत नाही. नकाशा मंजूर करताना हे तपासा.

दुसरी: डिस्चार्ज हेड जागेवर ठेवून फक्त मोटरखालचं स्टूल उंच करायचं. स्वस्त आहे, पण धोका कंपनाचा. १४८० आरपीएम म्हणजे सेकंदाला जवळपास २५ फेरे. उंच, सडपातळ स्टूलची स्वाभाविक वारंवारता याच्या जवळ आली तर मोटर डोलायला लागते आणि बेअरिंग पुन्हा पुन्हा जातात. ती निदान २५ टक्के दूर ठेवायची. स्टूलला आडवे गसेट (कोपऱ्यांना आधाराचे पत्रे), जाड पत्रा, आणि बसवल्यावर कंपन मोजणं सक्तीचं.

---

पाणीदार

आणि सरळ सबमर्सिबल पंप बसवला तर? तो पाण्यातच असतो.

---

मेगर५००

छोट्या योजनेला चालतो. मोटर बुडाली तर काही बिघडत नाही, पण त्याचं पॅनेल बुडालं की तो तितकाच बंद. शिवाय पुराच्या पाण्यातला गाळ आणि प्लॅस्टिक गाळणीवर बसतं. थंडावा कमी झाला की वायंडिंग जळतं. जॅकवेलच्या तोंडाची जाळी पावसाळ्याआधी साफ हवी.

---

सबस्टेशन३३

विजेकडून बघू.

पुरात महावितरण सुरक्षेसाठी फीडर (वीजवाहिनी) बंद करते आणि ते बरोबरच आहे. म्हणजे जॅकवेल कोरडी असली तरी वीज जाणार, हे धरूनच चाला. एक्स्प्रेस फीडर (फक्त योजनेसाठीची स्वतंत्र वाहिनी) घेतला असेल तर तो कुठल्या उपकेंद्रातून येतो आणि ते उपकेंद्र लाल रेषेच्या आत आहे का, हे आधी बघा. दोन फीडर एकाच उपकेंद्रातून घेतले तर दुसऱ्याचे पैसे पाण्यात.

आता एक गोष्ट, जिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. ११ केव्हीचा व्हीसीबी (बिघाड होताच वीज तोडणारा ब्रेकर) उंच पॅनेलमध्ये असतो, पण त्याला ट्रिप करणारी डीसी बॅटरी आणि चार्जर खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर. पाणी वीतभर आलं की बॅटरी गेली. आता पुढे बिघाड झाला तरी ब्रेकर सुटणार नाही. बॅटरी स्टँड पॅनेलच्या उंचीवर न्या, हे काम काही हजारांत होतं.

ट्रान्सफॉर्मर डीपीवर (दोन खांबांच्या मचाणावर) तीन मीटर उंच असतो, पण त्याचा एलटी बॉक्स कमरेइतक्या उंचीवर. तो बॉक्स वर घ्या आणि चढायला कठड्याचा प्लॅटफॉर्म करा, नाहीतर पावसात फ्यूज बदलायला वायरमन कसा चढणार?

---

धरणउशाला

सबस्टेशन३३ यांचा मुद्दा जगाने फार महागात शिकलाय. ११ मार्च २०११ ला जपानच्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात बरेच जनरेटर आणि स्विचगिअर (वीज जोडणारी-तोडणारी पॅनेलं) टर्बाइन इमारतींच्या तळघरात होते, ते त्सुनामीत बुडाले. पण २ आणि ४ क्रमांकाच्या युनिटचे हवेने थंड होणारे दोन जनरेटर वेगळ्या इमारतीत होते आणि ते बुडाले नाहीत. तरी त्यांचा उपयोग झाला नाही, कारण त्यांची वीज पुढे नेणारं स्विचगिअर पाण्याखाली. ६ क्रमांकाचा तसाच जनरेटर आणि त्याची जोडणी वाचली, म्हणून ५ आणि ६ सावरली.

न्यूयॉर्कला २०१२ च्या सँडी वादळात बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते. डिझेल वर चढवणारे पंप तळघरात. माणसांनी जिन्यावरून डिझेल वाहिलं. ओव्हरसीयर म्हणतात ती यादी तिथे कुणी केली असती तर इंधनपंप पहिल्या ओळीत आला असता.

---

कोकणकडा

वाचनखूण साठवली. डिझेल किती ठेवायचं?

---

मेगर५००

१२५ केव्हीएचा संच पाऊण भारावर तासाला २० लिटरच्या आसपास खातो. ७२ तासांचे १४४० लिटर. पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेल एका जागी २५०० लिटरपर्यंत परवान्याविना ठेवता येतं, पण कुठलंही एक भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नको. बाजारात ९९० लिटरच्या टाक्या दिसतात त्या म्हणूनच.

पण ७२ तास हा आकडा कुठून तरी उचललेला असतो. २०१९ ला शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग बरेच दिवस बंद होता, टँकर रांगेत उभे होते. साठा ठरवायचा तो रस्ता किती दिवस बंद राहू शकतो यावर. सगळा वेळ संच चालवू नका. दिवसातून सहा-आठ तास एकच पंप चालवून पाण्याची टाकी भरली तर तेच डिझेल आठवडाभर पुरतं.

डिझेलची टाकी बांधून ठेवा, हे फार महत्त्वाचं. ९९० लिटरच्या टाकीत १५० लिटर डिझेल असेल तर ते सव्वाशे किलो, टाकीचं वजन धरा २०० किलो, आणि बुडाल्यावर पाण्याची उचल ९९० किलो. साडेसहाशे किलोचा जोर तिला वर ढकलतो. पाइप तुटतो, डिझेल पाण्यावर पसरतं. चार अँकर बोल्ट, वरून पट्टे, व्हेंटचं तोंड पूरपातळीच्या वर, आणि पुराआधी टाकी पूर्ण भरलेली. जमिनीखालच्या रिकाम्या पाण्याच्या संपलाही हाच नियम. तोही उचलला जातो, म्हणून तो भरूनच ठेवा.

संच चालू न होण्याचं पहिलं कारण बॅटरी. दुसरं, टाकीच्या तळाला साठलेलं पाणी. महिन्यातून एकदा अर्धा तास, निदान ३० टक्के भार देऊन चालवा. भाराविना फुरफुर चालवलेला संच धुराड्यात न जळलेलं इंधन साठवतो आणि नेमका पुराच्या दिवशी दम टाकतो.

---

ओव्हरसीयर

आता वेळेचं गणित. ज्यांना मजला उंचावता येत नाही त्यांना मोटरा काढून वर न्याव्याच लागतात. कधी सुरू करायचं?

समजा पंपाचा मजला पट्टीवर ५२ फुटांना बुडतो आणि पाणी तासाला तीन इंच चढतंय, म्हणजे फुटाला चार तास. तीन मोटरा, प्रत्येकी अडीच तास, म्हणजे साडेसात तास. स्टार्टर आणि रिले काढायला दोन तास. वरवर हिशेब सांगतो की ४९ ला सुरू करा, बारा तास हाताशी आहेत.

पण केंद्राकडे जाणारा रस्ता ४७ ला बुडत असेल तर? माणसं अडकणार, क्रेन तर पोहोचणारच नाही. म्हणून काम संपवून सगळे ४७ च्या आधी बाहेर हवेत. साडेनऊ तास कामाचे, अडीच तास हाताशी राखीव, म्हणजे तीन फूट आधी: ४४ ला सुरुवात. हा आकडा आराखड्यात ठळक लिहा आणि निर्णयाचा अधिकार जागेवरच्या अभियंत्याला लेखी द्या. रात्री दोनला मुख्याधिकाऱ्यांचा फोन लागेलच असं नाही.

---

सबस्टेशन३३

एक पुरवणी. मोटर सोडवताना केबलच्या थिंबलला (टोकाच्या जोडाला) आर-वाय-बीच्या (तीन फेजच्या) पत्र्याच्या चकत्या लावा, फोटो काढा, कपलिंगवर पंचने खूण करा. पुन्हा जोडताना फेज उलटी लागली तर व्हर्टिकल टर्बाइन पंप उलटा फिरतो आणि स्क्रूने जोडलेला लाइन शाफ्ट सुटतो. रॅचेट (उलटं फिरणं अडवणारी) असली तरी तिच्या भरवशावर राहू नका. कपलिंग लावण्याआधी मोटर एकटी फिरवून दिशा बघा.

आणि तांब्याची केबल रिकाम्या केंद्रात ठेवून जाल तर पूर ओसरेपर्यंत ती राहीलच असं नाही. कुलूप, पंचनामा आणि बोटीची गस्त यांची सोय पोलिसांशी आधीच बोलून ठेवा.

---

पाणीदार

मजला बुडालाच आणि मोटर आत राहिली तर किती दिवसांत चालू होते?

---

मेगर५००

गाळ वाळू दिला नाही तर लवकर. पाणी उतरताच मोटर उघडून स्वच्छ पाण्याने कमी दाबाने धुवा. जेटने मारलंत तर गाळ वायंडिंगच्या आत ठासला जातो. बेअरिंग धुऊन वापरू नका, नवीन घाला.

मग वाळवणं. ओव्हन किंवा हॅलोजनच्या दिव्यांनी तापमान हळूहळू वाढवा, तासाला पाच-दहा अंश, वायंडिंग ८० ते ९० अंशांच्या वर नको. एकदम तापवलं तर आतली वाफ इन्सुलेशन फाडते. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) दर दोन तासांनी वाचन घ्या आणि कागदावर आलेख काढा. सुरुवातीला आकडा खाली जातो. घाबरून ओव्हन बंद करू नका, ओल बाहेर सरकत असते. नंतर तो चढतो आणि एका जागी स्थिरावतो. तापलेल्या वायंडिंगचा आकडा कमी दिसतो, दर दहा अंशांना साधारण निम्मा होतो, म्हणून ४० अंशांवर आणून तुलना करा. तिथे ५ मेगओहमच्या खाली मोटर जोडायची नाही.

एमसीसीबी (पॅनेलमधला ब्रेकर), कॉन्टॅक्टर, रिले, कपॅसिटर, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) पाण्यात गेले असतील तर फेकून द्या. पुसून चालवलेला एमसीसीबी चालू होईल, शॉर्टसर्किटला सुटणार नाही. बसबार आणि पेटी धुऊन वापरता येतात. केबलच्या टोकांतून पाणी आत शोषलं जातं, तेव्हा मीटरभर कापून नवीन टर्मिनेशन करा. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची बीडीव्ही (तेल किती व्होल्टला फुटतं) चाचणी, ३० केव्हीच्या खाली असेल तर तेल गाळून घ्या, आणि ब्रीदरमधलं सिलिका जेल बदला. हे सुटे भाग आधीच कोरड्या गोदामात असतील तर दोन दिवसांत एक पंप फिरतो. नसतील तर खरेदीची फाइल फिरते.

---

नळकोंडाळं

यंत्रावर भरपूर झालं, पाण्यावर कुणीच बोललं नाही.

पंप थांबवण्याआधी सगळ्या उंच टाक्या काठोकाठ भरा आणि मग वितरणाचे व्हॉल्व्ह बंद करा. ५० हजार वस्तीला माणशी १३५ लिटरने दिवसाला साडेसदुसष्ट लाख लिटर लागतात; २० लाख लिटरचा साठा नळाने सोडला तर सात तासांत संपला. तेच पाणी माणशी १५ लिटरने कोंडाळ्यावर किंवा टँकरने दिलं तर अडीच दिवस पुरतं. व्हॉल्व्ह बंद करण्याचं दुसरं कारण असं की रिकाम्या नळात पोकळी होते आणि गळक्या सांध्यांतून पुराचं पाणी आत ओढलं जातं.

शुद्धीकरण केंद्रात क्लोरीनचे टोनर (मोठे सिलिंडर) असतील तर साखळीने बांधा. भरलेला बुडतो, पण रिकामा किंवा रिकामा होत आलेला तरंगत वाहून जातो आणि त्यात उरलेला वायू असतोच.

पूर ओसरल्यावर बुडालेला संप गाळ काढून धुवा, भरा आणि ५० पीपीएमचा डोस द्या. १० हजार लिटरला २५ टक्के क्लोरीनची टीसीएल (ब्लीचिंग पावडर) दोन किलो. बादलीत कालवून वरची निवळी ओता, चोथा नको. रात्रभर ठेवून ते पाणी टाकून द्या, मग नवीन भरा. वितरण सुरू झाल्यावर शेवटच्या नळाला ०.५ पीपीएम उरलेला क्लोरीन मिळेपर्यंत डोस कमी करायचा नाही. पावसाळ्यात ओल्या खोलीत पडलेली टीसीएल महिन्याभरात मरते, म्हणून पोतं उघडल्यावर तपासून घ्या. २० टक्क्यांच्या खाली असेल तर वापरू नका.

---

कोकणकडा

क्लोरोस्कोप (पाण्यातला उरलेला क्लोरीन रंगावरून मोजायची पेटी) प्रत्येक वॉर्डात लागेल का?

---

नळकोंडाळं

हो. आणि त्याची ओटीची (ऑर्थोटोलिडिन द्रावणाची) बाटली मुदतीतली आहे का, हे मे महिन्यातच बघा. नमुना टाकीजवळचा नको, वॉर्डातल्या सगळ्यात लांबच्या आणि सगळ्यात सखल अशा दोन नळांचा घ्या.